पेशी मेल्या म्हणून जिवाणू घातक?

पाण्यातून एरोमोनास वेगळा करायचा, माणसाच्या पेशींवर टाकायचा, २४ तासांनी मेलेल्या पेशी मोजायच्या आणि स्ट्रेन 'व्हिरुलंट' म्हणून जाहीर करायचा. लिटरेचर रिव्ह्यू करताना या साच्यातले पेपर तुम्हाला ढिगाने भेटतील. पद्धत वाईट नाही. प्राणी न मारता एकाच प्लेटमध्ये कितीतरी स्ट्रेन तपासून होतात. माझा आक्षेप आहे तो निष्कर्षावर.

कॅको-२ पेशी घ्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या, पण साधारण २१ दिवस वाढू दिल्या की लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागू लागतात. तरी त्यांच्यावर श्लेष्माचा जाड थर नसतो, शेजारी रोगप्रतिकारक पेशी नसतात, आणि जिवाणूही जठरातलं आम्ल पार करून आलेला नसतो. त्यात २४ तास! पोषक माध्यमात जिवाणू बेसुमार वाढतो, ग्लुकोज संपवतो, आम्ल सोडतो. अशा डबक्यात पेशी मरणारच. विषाने मेल्या की उपासमारीने, हे कसं कळणार? म्हणून मेथड्समध्ये आधी बघा: तेवढाच निरुपद्रवी ई. कोलाय टाकून पाहिलाय का? जिवाणू गाळून नुसतं फिल्ट्रेट वापरलंय का?

फिल्ट्रेटची युक्ती काही नवी नाही. कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याचं जिवाणूविरहित फिल्ट्रेट सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडलं आणि तिथे पाणी साचलं. हे १९५९ साली छापून आलं. त्यांनी पाहिलं ते साचलेलं पाणी, आणि तेच बरोबर होतं. कारण कॉलऱ्याचं विष पेशी फोडत नाही. ते पेशीत सायक्लिक एएमपी वाढवतं, मग क्षार आणि त्यांच्यामागे पाणी बाहेर पडतं. नुसती मेलेली पेशी मोजणाऱ्या चाचणीत हे विष निर्दोष सुटेल! आणि अशाच आकड्यांवरून उद्या कुणी पाणी पिण्याजोगं ठरवायला निघालं तर?

उलटंही होतं. पेशीत शिरलेले जिवाणू मोजायचे तर बाहेरचे आधी जेंटामायसिनने मारतात. पण पाण्यातला स्ट्रेन जेंटामायसिनला दादच देत नसेल, तर बाहेर उरलेलेच 'आत शिरलेले' म्हणून मोजले जातात. स्ट्रेनची एमआयसी दिलेली नसेल, तर इन्व्हेजनचा तो ग्राफ मी पुढे वाचतच नाही. सप्लिमेंटरीत मात्र एकदा शोधा, कधीकधी तिथे दडलेली असते.