आभासी यंत्र आणि प्रत्यक्ष पार्टिशन : थेट प्रवेशाच्या मार्गदर्शनाची चिकित्सा

गोषवारा

आभासी यंत्राला हार्ड डिस्कवरील प्रत्यक्ष पार्टिशन थेट वापरू देण्याची सोय अनेक संगणक प्रणालींत आहे. तिच्याविषयीचे उपलब्ध मार्गदर्शन धोक्याची सूचना देते. परंतु त्या धोक्याचे कारण स्पष्ट करत नाही. प्रश्न मूलतः वेगाचा नसून ताब्याचा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : आभासी यंत्र, पार्टिशन, फाइल सिस्टीम, यजमान प्रणाली, पाहुणी प्रणाली

१. प्रस्तावना

पुणे शहराच्या दक्षिण भागातील बिबवेवाडी येथे १९८३ साली विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था स्थापन झाली. अभियांत्रिकी शिक्षणाच्या अशा परिसरात एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली स्वतंत्र पार्टिशनांवर बसवण्याची गरज वारंवार निर्माण होते. एकीतून दुसरीत जाण्यासाठी दर वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. त्यातून स्वाभाविक प्रश्न उपस्थित होतो : लिनक्स चालू असतानाच शेजारच्या पार्टिशनवरील विंडोज आभासी यंत्रात चालवता येईल काय? तंत्रदृष्ट्या याचे उत्तर होकारार्थी आहे. २००७ मध्ये प्रथम उपलब्ध झालेल्या आणि २०१० पासून ओरॅकलकडे असलेल्या व्हर्च्युअलबॉक्सच्या वापरपुस्तिकेत यासाठी स्वतंत्र विभाग आहे. त्या विभागाची चिकित्सा हा येथील विषय होय.

२. व्यवस्थेचे स्वरूप

सामान्यतः आभासी यंत्राची डिस्क ही यजमान प्रणालीवरील एक मोठी फाइल असते. थेट प्रवेशाच्या पद्धतीत तिच्या जागी एक लहान वर्णन-फाइल तयार होते. तीत पाहुण्या प्रणालीची माहिती साठवलेली नसते. कोणती डिस्क व कोणते पार्टिशन वापरावयाचे एवढीच नोंद असते आणि तिच्या सोबत पार्टिशन तक्त्याची प्रत ठेवलेली असते. पाहुणी प्रणाली जे लिहिते ते यजमानाच्या फाइल सिस्टीमला वळसा घालून सरळ डिस्कवर जाते.

या पद्धतीचा खरा लाभ असा, की आधीच बसवलेली प्रणाली नव्याने बसवावी लागत नाही. वेग वाढतो हे कारणही पुढे केले जाते. परंतु संपूर्ण जागा आधीच राखून ठेवलेल्या फाइल-डिस्कशी तुलना केल्यास हा फरक अनेक कामांत फारसा जाणवत नाही. केवळ वेगासाठी ही जोखीम पत्करणे म्हणूनच समर्थनीय ठरत नाही.

३. मार्गदर्शनातील उणिवा

ही सोय फक्त तज्ज्ञांसाठी आहे, चुकीच्या वापराने किंवा जुन्या वर्णन-फाइलमुळे डिस्कवरील सर्व माहिती नष्ट होऊ शकते, आणि यजमान ज्या पार्टिशनवरून चालू आहे तेच पार्टिशन पाहुण्या यंत्रात कधीही सुरू करू नये, असे वापरपुस्तिका बजावते. इशारा अचूक आहे. पण कारण समजले नाही तर वाचक तो पाठ करतो आणि पहिल्याच अपवादात्मक प्रसंगी फसतो.

कारण असे : फाइल सिस्टीमची सर्व माहिती कोणत्याही क्षणी डिस्कवर नसते. कोणती जागा रिकामी आहे आणि कोणती फाइल कोठे आहे, यांपैकी बराच भाग प्रणालीच्या स्मृतीत असतो. एकच पार्टिशन दोन प्रणालींनी एकाच वेळी वापरात घेतल्यास प्रत्येक प्रणाली आपापल्या स्मृतीवर विसंबून एकच रिकामी जागा दोन निरनिराळ्या फाइलींना देते. त्या क्षणी त्रुटीचा संदेश येईलच असे नाही. नुकसान पुष्कळदा नंतर उघडकीस येते आणि तोपर्यंत विद्यार्थ्याचा प्रकल्प किंवा अध्यापकाची संशोधन-सामग्री हातची गेलेली असते.

यातून दोन गैरसमज दूर व्हावयास हवेत. पहिला, ‘केवळ वाचन सुरक्षित असते’ हा. लिनक्समधील ईएक्सटी४ फाइल सिस्टीम केवळ वाचनासाठी जोडली तरी, आधी ती नीट बंद झालेली नसल्यास अपूर्ण नोंदी पुऱ्या करण्यासाठी डिस्कवर लिहिते. दुसरा गैरसमज, ‘बंद केलेली प्रणाली पार्टिशन सोडून देते’ हा. २०१२ मधील विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ सोयीत संगणक बंद केल्यावरही प्रणालीचा गाभा निद्रिस्त स्थितीत जतन होतो. पार्टिशन मोकळे दिसते, परंतु असत नाही.

परवानगीचा प्रश्नही असाच आहे. सामान्य वापरकर्त्याला लिनक्समधील ‘डिस्क’ गटात घालण्याचा सोपा उपाय अनेकदा योजला जातो. त्याने केवळ एक पार्टिशन नव्हे, तर संगणकावरील सर्व डिस्का त्याच्यासाठी खुल्या होतात. व्यवहारात हा प्रशासकाचाच अधिकार ठरतो. तसेच डिस्कची नव्याने विभागणी केल्यावर जुनी वर्णन-फाइल वापरणे म्हणजे नवी मोजणी झाल्यानंतर जुन्या वाटणीपत्रावरून शेत नांगरणे होय.

४. पूर्वानुभव

हा प्रश्न नवा नाही. आयबीएमच्या १९७२ मधील व्हीएम/३७० प्रणालीत प्रत्येक आभासी यंत्राला डिस्कचा एक भाग ‘मिनिडिस्क’ म्हणून मिळे. दुसऱ्याची मिनिडिस्क जोडताना वापराचा प्रकार सांगावा लागे. साध्या लेखनाची परवानगी अन्य कोणीही ती वापरत नसेल तरच मिळे. अनेकांनी एकाच वेळी लिहिण्याची मुभा हवी असल्यास ती स्पष्टपणे मागावी लागे. ताब्याची विचारणा व्यवस्थेतच अंतर्भूत होती.

पुण्याशी संबंधित उदाहरणही येथे उद्बोधक आहे. पुण्यातील केक्यू इन्फोटेक या कंपनीने २०१० मध्ये झेडएफएस ही फाइल सिस्टीम लिनक्सच्या गाभ्यात चालवण्यासाठीची मोड्यूल्स उपलब्ध केली. झेडएफएस आपला साठा कोणत्या यंत्राच्या ताब्यात आहे याची नोंद डिस्कवरच ठेवते. लिनक्सवरील झेडएफएसच्या ०.७ या २०१७ मधील आवृत्तीत पुढचे पाऊल पडले : ही सोय चालू केल्यास ताबा असलेले यंत्र ठरावीक काळाने डिस्कवर खूण करत राहते आणि दुसरे यंत्र ती खूण पाहून माघार घेते.

वापरपुस्तिका म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, हा आक्षेप मान्य करता येईल. परंतु कोणते पार्टिशन वापरात आहे हे यजमान प्रणालीला ठाऊक असते. मग रक्षणाचा सगळा भार वाचकाच्या सावधगिरीवर का टाकावा? वापरात असलेल्या पार्टिशनवर परस्पर लिहिण्यास मज्जाव करण्याचा पर्याय लिनक्समध्ये २०२४ च्या ६.८ आवृत्तीत आला, आणि तोही मुळात बंद ठेवलेला.

५. अध्यापनविषयक विचार

कार्यप्रणाली हा विषय शिकवताना ही त्रुटी प्रात्यक्षिकाने भरून काढता येईल. दोन आभासी यंत्रांना एकच रिकामी फाइल-डिस्क जोडून दोहोंतून ती एकाच वेळी लिहावयास लावावी व नंतर तपासणी करावी. कोणाचेही नुकसान न होता विद्यार्थ्याला बिघाड प्रत्यक्ष पाहता येतो. प्रत्यक्ष पार्टिशन द्यावयाचेच असेल, तर ते यजमानाच्या आपोआप जोडणीतून वगळणे, शेजारची प्रणाली पूर्णपणे बंद करणे, परवानगी त्या एका पार्टिशनपुरतीच देणे आणि माहितीची प्रत आधी अन्यत्र ठेवणे आवश्यक आहे. केवळ फाइलींची देवाणघेवाण हवी असल्यास सामायिक फोल्डर किंवा नेटवर्कचा मार्ग पुरेसा आहे. तेथे डिस्कचा ताबा एकाच प्रणालीकडे राहतो.

६. निष्कर्ष

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत; सर्वसाधारण फाइल सिस्टीमच्या बाबतीतही एका पार्टिशनला एका वेळी एकच प्रणाली मालक असू शकते. थेट प्रवेशाची सोय त्याज्य नाही. त्याज्य आहे ती आज्ञांची यादी देऊन तत्त्व वगळणारी मांडणी. ‘सध्या या पार्टिशनचा ताबा कोणाकडे आहे?’ हा प्रश्न प्रत्येक आज्ञेपूर्वी विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर पुस्तिकेतील इशारा त्याला पाठ करावा लागणार नाही.