हाडाच्या कर्करोगाचा पत्ता

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगसूचीत हाडाच्या कर्करोगाला दोनच मथळे आहेत. सी४० मध्ये हातापायांची हाडे आणि सांध्यांतली कूर्चा, सी४१ मध्ये उरलेला सांगाडा. रुग्णालयातल्या रेकॉर्ड विभागात रोज हाताळल्या जाणाऱ्या या मोजक्या ओळी मला फिरून फिरून वाचाव्याशा वाटतात. कमीत कमी अक्षरांत काय सांगायचे आणि काय सोडून द्यायचे, याचा इतका कठोर विचार फार थोड्या लेखनात दिसतो.

आधी मांडणी पाहा. खांद्याचे फावडे हाताच्या लांब हाडांबरोबर सी४०.० मध्ये बसते. त्याला टेकलेले कॉलरबोन मात्र बरगड्यांबरोबर सी४१.३ मध्ये जाते. गुडघ्याची वाटी पायाच्या आखूड हाडांत, म्हणजे सी४०.३ मध्ये मोजली जाते. पाठीच्या कण्याला सी४१.२ दिला आहे, पण त्याच रांगेतले सेक्रम आणि माकडहाड कंबरेच्या हाडांना जोडून सी४१.४ मध्ये ठेवले आहे. सेक्रमवर शस्त्रक्रिया करणाऱ्याला ओटीपोटातली आतडी, मूत्राशय आणि नसा सांभाळाव्या लागतात, हे ध्यानात आले की ही जोडी पटते. कॉलरबोन आणि फावड्याची ताटातूट मला अजून पटलेली नाही.

खरी खोली पुढे आहे. खालच्या जबड्याच्या हाडाला सी४१.१ हा स्वतंत्र कोड आहे. तरीही तंबाखू, मशेरीने हिरडीवर उठलेला कर्करोग खाली जबड्याचे हाड पोखरत गेला, तर तो या खात्यात येत नाही. तो हिरडीचाच, सी०३.१. हाड उद्ध्वस्त झालेले एक्स-रेत दिसत असते, पण सूची विचारते ते रोग उगवला कुठे एवढेच. मुंबईत जन्म काढलेला माणूसही अर्जावर मूळ गाव कोकणातले लिहितो, तसा हा हिशेब आहे. स्तनाचा कर्करोग मणक्यात उतरला की तो मणक्याचा कर्करोग होत नाही. स्तनाचा सी५० कायम राहतो आणि मणक्यासाठी सी७९.५, म्हणजे हाडात पसरलेला दुय्यम कर्करोग, असे शेजारी लिहिले जाते. हाडातच जन्मणाऱ्या कर्करोगापेक्षा हाडात पसरून येणारा कितीतरी अधिक आढळतो. म्हणून केसपेपरवर नुसते ‘बोन कॅन्सर’ लिहिणे घातक ठरते. त्या दोन शब्दांतून उपचाराची दिशाच कळत नाही. मल्टिपल मायलोमा हाडाच्या पोकळीत राहून हाड खातो, पण मज्जेतल्या पेशींचा म्हणून तो सी९०.० मध्ये, रक्ताच्या आजारांजवळ नोंदला जातो.

सी४०.२ म्हणजे पायाचे लांब हाड. मांडी की नडगी, डावा की उजवा, ऑस्टिओसार्कोमा की युइंग सार्कोमा, यांतले काहीच तो सांगत नाही. रोगाचे नाव दुसऱ्या पुस्तकात आहे. १९७६ साली प्रथम निघालेली आयसीडी-ओ ही खास कर्करोगासाठीची सूची ऑस्टिओसार्कोमाला ९१८०/३ म्हणते. त्या तिरक्या रेघेपुढचा एक आकडा म्हणजे संक्षेपाची कमाल आहे. ० म्हणजे निरुपद्रवी गाठ, ३ म्हणजे मारक. हाडाच्या जायंट सेल ट्यूमरला १ दिला आहे, कारण त्याचा स्वभाव निश्चित सांगता येत नाही. वैद्यकाने आपली अनिश्चितता इतक्या स्वच्छपणे मान्य केलेली पाहिली की मला ही सूची लिहिणाऱ्यांविषयी आदर वाटतो.

टेरी फॉक्स या कॅनडाच्या तरुणाची कथा या अक्षरांत बसवून पाहा. १९७७ मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याशी ऑस्टिओसार्कोमा निघाला आणि पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. आजच्या अमेरिकी आवृत्तीत, जिथे डावे-उजवे वेगळे लिहितात, ते होईल सी४०.२१. उपचार संपल्यावर हा कोड मागे पडतो. त्या जागी येतात झेड८५.८३०, हाडाचा कर्करोग होऊन गेलेला, आणि झेड८९.६११, उजवा पाय गुडघ्याच्या वर नसलेला. १२ एप्रिल १९८० ला कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला, तेव्हा तो या दोन ओळींचा धनी होता. १४३ दिवसांनी, ५,३७३ किलोमीटर धावून झाल्यावर, १ सप्टेंबरला थंडर बेजवळ तो थांबला. कर्करोग फुप्फुसात पोचला होता. ती ओळ सी७८.०. फुप्फुसाचा स्वतःचा सी३४ नव्हे, कारण फुप्फुसातल्या त्या गाठी हाडाच्याच पेशींच्या होत्या. २८ जून १९८१ ला तो गेला. ही नोंद वाचणाऱ्याला कुणी काही समजावून सांगायची गरज उरत नाही.

प्रत्येक मथळ्याच्या तळाशी ‘.९’ बसलेला असतो: जागा अनिर्दिष्ट. लिहिणाऱ्याने कागदावर हाडाचे नाव लिहिले नाही, की कोडिंग करणाऱ्याला तिथे जावे लागते. अंदाजाने एखादे हाड ठरवायचा अधिकार त्याला नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून चालू आहे, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून. तिथले कर्मचारी रुग्णालयांत जाऊन केसपेपर वाचतात आणि त्यावर जेवढे लिहिले आहे तेवढेच पुढे नेऊ शकतात. घाईत अर्धवट लिहिलेल्या डिस्चार्ज कार्डाने एका मुलाचा आजार कायमचा ‘.९’ मध्ये जमा होतो.

घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर डिस्चार्ज कार्ड हातात घेताना चार गोष्टी पाहून घ्या: कोणते हाड, कोणती बाजू, बायोप्सीत आलेले गाठीचे पूर्ण नाव, आणि रोग तिथेच उगवला की दुसरीकडून आला. यांतले काही राहिले असेल तर डॉक्टरांना तिथेच लिहून मागा, आणि बायोप्सीचा मूळ रिपोर्ट कधीही टाकू नका.