'इंधन'मधला परतलेला माणूस

हमीद दलवाई यांचे नाव निघाले की आमच्या बैठकीत लगेच दोन तट पडतात. एकीकडे १९६६ सालचा सात स्त्रियांचा मोर्चा आणि १९७० साली स्थापन झालेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ यांचे गुणगान. दुसरीकडे, 'त्यांनी समाजाला आतून समजूनच घेतले नाही' ही जुनी तक्रार. आम्ही दोन्ही बाजूंनी बोललो आहोत, ज्या त्या वयात. या भांडणात त्यांची १९६५ सालची 'इंधन' ही कादंबरी मात्र बाजूलाच राहिली. ज्यांनी वाचली त्यांनीही ती भाषणासारखी वाचली, लेखक धर्माच्या बाजूने की विरोधात एवढेच शोधत. हे आमच्या समीक्षेचे अपयश आहे.

कादंबरीतला 'मी' हृदयविकाराच्या दुखण्यानंतर, कित्येक वर्षांनी, कोकणातल्या आपल्या गावी येतो. नमाज-रोजा त्याचा राहिलेला नाही. पण गाव त्याला श्रद्धेवरून ओळखतच नाही. गावाला तो अमक्या घरचा मुलगा म्हणून ठाऊक. मुसलमान, ब्राह्मण, कुळवाडी, बौद्ध यांचे जमिनीचे, मानापानाचे आणि चोरट्या संबंधांचे जे जाळे आहे, त्यातली त्याची जागा तो नसतानाही राखून ठेवलेली आहे. पुढे तणाव वाढतो, माणसे एकमेकांच्या अंगावर जातात, तेव्हा तू काय मानतोस हे विचारायला कुणाला सवड नसते.

आम्हाला कादंबरीचे बळ इथे वाटते. श्रद्धा माणूस एकट्याने सोडू शकतो. नाव, घर, नाते एकट्याने सुटत नाही; त्याचे दुसरे टोक दुसऱ्यांच्या हातात असते. 'धर्म ही खाजगी बाब' असे आपण सभांतून सहज म्हणतो. 'इंधन'मधल्या गावात खाजगी असे फारच थोडे आहे.

हे आम्हाला परके नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते या दुहेरी ओळखीला मांडव मिळावा म्हणूनच. बाहेर आमचे मराठी ऐकून 'किती शुद्ध बोलता हो!' असे कौतुक होते (या कौतुकाइतके काही झोंबत नाही), आणि मोहल्ल्यात विचारतात, उर्दूत का लिहीत नाही? आपण काय मानतो याच्याशी दोन्ही प्रश्नांचा संबंध नसतो.

मात्र 'इंधन'मध्ये एक उणीव आम्हाला सलते. तिचा निवेदक अखेरपर्यंत पाहणाराच राहतो. बायकांची दुःखे त्याला दिसतात. पण ज्या घरात तो पाहुण्यासारखा आला आहे, तिथे रोज राहणाऱ्या बाईला धर्म कशासाठी लागतो, तिथे तो फार वेळ थांबत नाही.

ती बाजू मेहरुन्निसा दलवाई यांच्या 'मी भरून पावले आहे' या आत्मकथनात सापडते. उर्दू वळणाच्या घरातली ही मुलगी. १९५६ साली रीतसर निकाह झाला आणि महिनाभराने त्याच दोघांनी विशेष विवाह कायद्याखालीही लग्न केले. पहिले लग्न घरासाठी, दुसरे तत्त्वासाठी, असे म्हणून मोकळे होता येईल. आम्हाला ते तितके सोपे वाटत नाही. दोन्ही लग्ने एकाच बाईची होती.

१९७७ साली दलवाई गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधी न करता विद्युतदाहिनीत दहन झाले. तो निर्णय एका माणसाचा, त्याच्या स्वातंत्र्यातला, आणि आम्ही त्याचा आदरच करतो. त्यानंतर आप्तांच्या, जातभाईंच्या नजरा झेलत मंडळाचे काम पुढे चालवायचे होते. ते मेहरुन्निसाबाईंनी चालवले. 'इंधन'वर लिहिताना ते आत्मकथन शेजारी ठेवावे असे आमच्याही मनात फार उशिरा आले.