शेजारीण मिस मॉडी

हार्पर ली यांची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली निघाली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण ॲटिकस फिंच या वकिलापाशीच थबकतात. मला मात्र त्याची शेजारीण मिस मॉडी ॲटकिन्सन अधिक जवळची वाटते. ॲटिकसची पूजा करता येते. मॉडीच्या ओट्यावर जाऊन बसता येते.

अलाबामातले मेकोम हे कल्पित गाव. काळ १९३० नंतरच्या मंदीचा. मॉडी विधवा, एकटी. घरात बसून घालवलेला वेळ तिला फुकट गेलासा वाटतो. दिवसभर अंगात पुरुषांचे कामाचे कपडे, डोक्यावर गवती टोपी आणि अझेलियांची निगा. बागेत लव्हाळ्याचे एक पाते दिसले की शत्रूवर तुटून पडावे तशी ती त्यावर तुटून पडते. पाच वाजता स्नान करून हीच बाई ओट्यावर येऊन बसते, ती जणू साऱ्या रस्त्याची मालकीण. एका कर्मठ पंथाचे लोक तिला बजावतात, की ती आणि तिची फुले दोन्ही नरकात जाणार. त्यांच्या शास्त्राला ती शास्त्रानेच उत्तर देते! कुंड्यांतली झाडे गारठू नयेत म्हणून ती रात्री स्वयंपाकघरात विस्तव ठेवते आणि बहुधा त्यातूनच घर जळून जाते. दुसऱ्या दिवशी मुलांना सांगते काय, तर एवढे मोठे घर मला नकोच होते, आता बागेला जागा होईल.

एवढ्यावर ती नुसती गोड बाई ठरली असती. पण टॉम रॉबिन्सन या निरपराध कृष्णवर्णीयाला ज्यूरीने दोषी ठरवले, त्याच्या दुसऱ्या सकाळचा प्रसंग पाहा. मॉडी मुलांसाठी नेहमी एक मोठा केक आणि तीन छोटे केक करते. त्या दिवशी छोटे दोनच. मुलांना वाटते, ती एकाला विसरली. मग ती मोठ्या केकचा तुकडा कापून जेमपुढे ठेवते. जेमचे बालपण काल त्या कचेरीत संपले, हे तिने ओळखले आहे. दिवाळीत शेजारी फराळाचे ताट देणाऱ्या आपल्या बायकांना या तुकड्याचा अर्थ समजावून द्यायला नको. सबंध कादंबरीत इतके थोडक्यात इतके मोठे दुसरे काही मला आढळले नाही.

१९६२च्या चित्रपटात घराची आग नाही, की मिशनच्या बायकांचा चहाही नाही. त्यामुळे तिथली मॉडी फिकी वाटते. त्या चहाच्या वेळी एक बाई ॲटिकसच्याच घरी खात त्याला आडून टोमणे मारते. मॉडी एका प्रश्नात तिचे तोंड बंद करते.

तरीही माझी एक तक्रार आहे. खटल्याच्या दिवशी सारा गाव कचेरीत लोटतो, मॉडी मात्र जात नाही. एका अभागी माणसाचा तमाशा पाहणे तिला किळसवाणे वाटते. बाण्याच्या बाईला हे शोभते, पण टॉमला त्याचा काय उपयोग? तिची माया कुंपणाच्या आत फुलते. लेखिकेला ही मर्यादा दिसली होती काय? मला वाटते, दिसली होती. टॉमला गोळ्या घातल्याची बातमी त्याच चहाच्या वेळी स्वयंपाकघरात येते. ॲटिकसबरोबर टॉमच्या बायकोकडे जाते ती कॅलपर्निया, घरची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण. मॉडी हादरलेल्या आत्याला सावरते, स्वतःला सावरते आणि दिवाणखान्यात परतून पाहुण्यांना आणखी गोड वाढू लागते.