आलेखावरील खुणांचे अंतर आणि मराठी भाषकांची संख्या

भाषाविषयक पदव्युत्तर प्रबंधिकांतून अलीकडे आलेखांचे प्रमाण वाढले आहे, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु त्या आलेखांकडे पाहण्याची आपली दृष्टी अद्याप चिकित्सक झालेली नाही. एखाद्या वाक्यात विभक्तीप्रत्यय चुकला तर परीक्षक तो अधोरेखित करतो; अक्षावरील खुणा कोणी व कोणत्या हिशेबाने मांडल्या, हे मात्र तो विचारीत नाही. बहुधा त्या कोणीच मांडलेल्या नसतात. मॅटलॅबसारख्या संगणनप्रणालीने त्या आपल्या सोयीने घातलेल्या असतात, आणि अभ्यासक त्यांवरून निष्कर्ष मात्र स्वतःच्या नावावर काढतो.

उदाहरणासाठी आपल्या जिव्हाळ्याचाच विषय घेऊ. जनगणनेनुसार भारताच्या लोकसंख्येत मराठी भाषकांचे प्रमाण १९७१ मध्ये ७.६२ टक्के, १९८१ मध्ये ७.४३, १९९१ मध्ये ७.४५, २००१ मध्ये ६.९९ आणि २०११ मध्ये ६.८६ टक्के होते. हे पाच आकडे प्रणालीच्या स्वाधीन केले म्हणजे उभा अक्ष शून्यापासून सुरू न होता ६.८ च्या आसपास सुरू होतो, त्यावर दशांशादशांशाने खुणा पडतात, आणि रेषा चौकटीच्या माथ्यावरून थेट तळाशी येते. पाहणाऱ्यास वाटते, मराठी बुडाली! वस्तुतः याच चाळीस वर्षांत मराठी भाषकांची संख्या ४.१८ कोटींवरून ८.३० कोटींवर, म्हणजे जवळजवळ दुपटीवर गेली. उलटपक्षी, अक्ष शून्यापासून शंभरापर्यंत ताणून दहादहांच्या खुणा केल्या तर तीच रेषा आडवी पडते आणि काहीच घडले नाही असे वाटते. दोन्ही आलेखांत आकडे खरेच आहेत.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खुणांमधील अंतर बदलल्याने रेषेचा चढउतार बदलत नाही. तो अक्षाच्या मर्यादांनी ठरतो. परंतु मर्यादा प्रणालीवर सोपविल्या असता मॅटलॅब त्या जवळच्या खुणेपर्यंत नेऊन भिडविते, म्हणून व्यवहारात या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. शिवाय खुणांच्या अंतराचे स्वतःचेही एक विधान असते: दशांशाची खूण करणारा लेखक दशांशाचा फरक आपल्याला विश्वसनीयपणे ठाऊक आहे असे सांगत असतो.

तसे ते ठाऊक आहे काय? १९८१ मध्ये आसामात जनगणना झाली नाही, १९९१ मध्ये जम्मू-काश्मिरात झाली नाही; त्या त्या वर्षीची टक्केवारी हे प्रदेश वगळून काढलेली आहे. तेथे मराठी भाषक अत्यल्प, म्हणून त्यांना वगळताच मराठीचे प्रमाण फुगते. आसामची अंदाजित लोकसंख्या छेदात मिळविली तर १९८१ चा आकडा स्थूलमानाने दोन दशांशांनी खाली येतो. मग १९८१ व १९९१ या दोन वर्षांमधील दोन शतांशांच्या 'वाढी'वर परिच्छेद खर्च करणाऱ्या प्रबंधिकेस काय म्हणावे? खामगावच्या बाजारात चांदीचा काटा वेगळा आणि कापसाचा वेगळा, हे येथील लहान पोरालाही ठाऊक असते. कापसाच्या काट्यावर तोललेल्या मालाचा हिशेब गुंजांत सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. माझ्या मते या आकड्यांसाठी शून्य ते आठ असा अक्ष, एकेका टक्क्याची खूण, आणि प्रत्येक बिंदूजवळ मूळ आकडा, इतके पुरे. उतार दिसतो, पण आकांत होत नाही.

आडव्या अक्षाची तऱ्हा निराळी. आपली जनगणना एक हा अंक शेवटी असलेल्या वर्षी होत आली. प्रणालीला मात्र पाच आणि दहा प्रिय. ती १९७०, १९७५, १९८० अशा खुणा करते, म्हणजे ज्या वर्षी कोणी कोणास मोजले नाही तेथे खूण आणि मोजले तेथे मोकळी जागा. यावर उपाय एका ओळीचा आहे. 'एक्सटिक्स' या आज्ञेला १९७१ पासून दहाच्या टप्प्याने २०११ पर्यंतची वर्षे द्यावी. ही आज्ञा २०१६ पासून उपलब्ध आहे. त्यापूर्वी अक्षाचा 'एक्सटिक' हा गुणधर्म बदलावा लागे, तो मार्ग अजूनही चालतो. मात्र एकदा खुणा हाताने दिल्या की आलेखाचा आकार बदला किंवा एखादा भाग मोठा करून पाहा, त्या तशाच राहतात, हे लक्षात ठेवावे.

संख्येच्या आलेखात प्रणाली दहाचा सातवा घात अक्षाच्या माथ्यावर लिहून खुणांपाशी ४, ४.५, ५ असे आकडे घालते. दहाचा सातवा घात म्हणजेच आपला कोटी! मराठी वाचकापुढे तो घातांकाच्या वेषात उभा करण्याचे कारण नाही. आकड्यांना आधीच एक कोटीने भागावे आणि अक्षाला 'भाषक (कोटी)' असे नाव द्यावे.

आता नवी अडचण येऊ घातली आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. २०२७ ची शासनाने २०२५ मध्ये अधिसूचित केली. तिचे भाषिक आकडे हाती येतील तेव्हा दहादहाच्या टप्प्यात ते वर्ष बसणार नाही, आणि वर्षांना अंक न मानता केवळ नावे मानणाऱ्या स्तंभालेखात सोळा वर्षांचे अंतर दहा वर्षांएवढेच दिसून बदलाचा वेग खोटा वाढेल. त्या वेळी टप्प्याचे सूत्र सोडून सहाही वर्षे एकेक करून लिहावी लागतील.