‘दुष्परिणाम’ या शब्दाची चिकित्सा : स्वयंप्रतिकारक संधिवाताचे रुग्ण आणि कोविड लसीकरणाची कागदपत्रे

सारांश : कोविड लसीकरणाच्या काळात प्रसृत झालेल्या माहितीपत्रकांनी व शासकीय सूचनांनी स्वयंप्रतिकारक संधिवाताच्या रुग्णांना काय सांगितले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. ‘दुष्परिणाम’ या एकाच शब्दात चार भिन्न प्रश्न एकत्र झाल्यामुळे रुग्णाच्या हाती निर्णयाला उपयोगी पडेल असे विधान आले नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : आमवात, लसीकरण, दुष्परिणाम, मेथोट्रेक्सेट, आरोग्यभाषा.

प्रास्ताविक

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविड प्रतिबंधक लसीकरणास प्रारंभ झाला. मुंबईच्या उपनगरांत विलेपार्ल्याचे कूपर व घाटकोपरचे राजावाडी ही महापालिका रुग्णालये आणि पुढे गोरेगावच्या नेस्कोसारखी भव्य केंद्रे यांसमोर रांगा लागल्या. या रांगांत एक वर्ग असा होता, की ज्याची शंका इतरांच्या शंकेहून मुळातच वेगळी होती. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात, सोरायसिसशी निगडित संधिवात यांसारख्या विकारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. औषध या यंत्रणेला आवरते, तर लस तिला जागे करते. एकाच शरीरात या दोन विरुद्ध क्रिया घडवून आणताना काय होईल, हा त्या रुग्णाचा प्रश्न होता.

संज्ञांचा गोंधळ

मराठीत ‘संधिवात’ हा शब्द वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यालाही लावला जातो आणि तिशी-चाळिशीत बोटांचे सांधे सुजवणाऱ्या स्वयंप्रतिकारक विकारालाही. ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आढळते, म्हणजे भेद दाखवणारा शब्द आपल्या परंपरेत होता. तरीही सार्वजनिक आरोग्यभाषेत तो रुजला नाही. ‘संधिवात असल्यास लस घ्यावी का?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर संभवत नाही. झिजेच्या दुखण्यात प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सहसा नसतात, आमवातात तीच उपचाराचा कणा असतात.

‘दुष्परिणाम’ या शब्दाची स्थिती याहून बिकट आहे. आमवाताच्या रुग्णापुढे चार निरनिराळे प्रश्न असतात. एक, ताप, अंगदुखी, थकवा यांसारखी अपेक्षित प्रतिक्रिया किती तीव्र असेल? दोन, विरळा पण गंभीर अपाय संभवतो का? तीन, लसीमुळे मूळ व्याधी उचल खाईल का? चार, औषधांमुळे लसच निष्प्रभ ठरेल का? यांपैकी शेवटचा प्रश्न खरे तर दुष्परिणामाचा नाहीच, तो लाभाच्या उणिवेचा आहे.

कागदपत्रांतील विसंगती

जानेवारी २०२१ मधील तीन कागदपत्रे शेजारी ठेवून वाचली असता ही सरमिसळ स्पष्ट होते. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी अथवा तिच्यावर परिणाम करणारे औषध घेणाऱ्यांनी लस घेऊ नये, असे कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात म्हटले होते. कोविशील्डच्या पत्रकात अशा व्यक्तींनी ही बाब आरोग्यसेवकास आधी सांगावी, एवढीच सूचना होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मात्र अशा व्यक्तींना लस निषिद्ध नाही, त्यांच्यात लसीचा प्रतिसाद कमी असू शकेल, असे कळविले. पुढे १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील ज्या सहव्याधीग्रस्तांना प्राधान्य मिळाले, त्यांच्या यादीत स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांचा समावेश होता. जानेवारीत ज्या औषधामुळे रुग्णाला एका पत्रकाने मागे थांबविले, त्याच औषधामुळे मार्चमध्ये शासनाने त्याला पुढे बोलाविले.

या दोन्ही भूमिकांमागे कारण होते. पहिलीमागे अशा रुग्णांविषयीची अपुरी माहिती होती, तर दुसरीमागे त्यांना असलेला गंभीर आजाराचा धोका. परंतु हे कारण रुग्णापर्यंत पोहोचले नाही. दोन्ही लसींत शरीरात वाढू शकणारा जिवंत विषाणू नव्हता, हे सर्वांत दिलासादायक सत्यही ‘घेऊ नये’ या दोन शब्दांआड झाकले गेले.

आणखी एक उणीव सूक्ष्म आहे. कोविशील्डच्या सामान्य दुष्परिणामांच्या यादीत ‘सांधेदुखी’ होती. निरोगी वाचकास ती दोन दिवसांची तक्रार वाटते, आमवाताच्या रुग्णास ते स्वतःच्या व्याधीचे नाव वाटते. लसीची सांधेदुखी बहुधा काही दिवसांत ओसरते. सांध्यांवर दिसणारी सूज आणि सकाळी दीर्घकाळ टिकणारा ताठरपणा लांबल्यास मात्र व्याधी बळावल्याची शंका घ्यावी लागते. हा भेद एका वाक्यात सांगता आला असता. लस घेतल्यावर केंद्रात अर्धा तास थांबण्याची पद्धत तीव्र ॲलर्जीसाठी योग्यच होती, पण काही दिवसांनी उद्भवणारी उचल त्या अर्ध्या तासात दिसणे शक्य नव्हते.

उपलब्ध पुरावा काय सांगतो?

संधिवाताच्या युरोपीय वैद्यक महासंघाने संकलित केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीत ३० देशांतील ५,१२१ रुग्ण होते. दाहजन्य, म्हणजे प्रामुख्याने स्वयंप्रतिकारक, विकार असलेल्यांपैकी ४.४ टक्क्यांत व्याधीने उचल खाल्ली. तीव्र उचल ०.६ टक्के होती आणि १.५ टक्के रुग्णांना त्यामुळे औषध बदलावे लागले. लसीकरणानंतरच्या एकूण तक्रारी या गटात ३७ टक्के, तर दाहजन्य नसलेल्या गटात ४० टक्के होत्या. म्हणजे पहिल्या प्रश्नापुरते दोन्ही गट जवळजवळ सारखेच ठरले.

या आकड्यांचाही भाबडा स्वीकार करू नये. नोंदी डॉक्टरांनी स्वेच्छेने केलेल्या होत्या, लस न घेतलेल्यांचा तुलनागट नव्हता आणि सुमारे ७० टक्के रुग्णांनी फायझरची लस घेतली होती. आमवात लसीविनाही उचल खातो, त्यामुळे प्रत्येक उचल लसीच्या खात्यावर टाकता येत नाही, तसेच लसीचा काहीच संबंध नाही असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

चौथ्या प्रश्नासंबंधी कोची येथील चाचण्या आपल्यासाठी अधिक उद्बोधक आहेत, कारण त्यांत कोविशील्ड वापरली होती. लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबविल्यास प्रतिपिंडे अधिक निर्माण झाली. मात्र दोन्ही मात्रांनंतर औषध थांबविलेल्या गटात उचलीचे प्रमाण वाढले. केवळ दुसऱ्या मात्रेनंतर थांबविले असता तशी ठळक वाढ न होता लाभ मिळाला. व्याधीने उचल खाण्याचे कारण कित्येकदा लस नसून औषधातील खंड असतो, हे यावरून सूचित होते. ज्या रुग्णाने भीतीपोटी स्वतःच्या मनाने औषध सोडले आणि नंतर सुजलेल्या बोटांचा दोष लसीला दिला, त्याची दिशाभूल भाषेने केली होती.

समारोप

हा प्रश्न कोविडबरोबर संपलेला नाही. इन्फ्लुएंझा, न्यूमोकॉकस आणि नागीण यांवरील लसींचा निर्णय या रुग्णांना घ्यावाच लागतो. तीव्र प्रतिकारदमन करणाऱ्या औषधांवर असताना जिवंत विषाणूंच्या लसी सामान्यतः टाळल्या जातात, निर्जीव लसी घेता येतात. एवढा एक भेद प्रत्येक माहितीपत्रकाच्या आरंभी असावा. त्यानंतर अपेक्षित प्रतिक्रिया, विरळा अपाय, व्याधीची उचल आणि घटलेला प्रतिसाद यांची चार स्वतंत्र उत्तरे असावीत, आणि कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना थांबवू नये, हे ठळकपणे सांगावे. ‘दुखण्याने उचल खाल्ली’ हे घराघरांत रूढ असलेले मराठी वाक्य वैद्यकीय संज्ञा होण्यास पूर्णतः समर्थ आहे. महाविद्यालयांतील भाषा व विज्ञान विभागांनी एकत्र येऊन असे पत्रक तयार करणे अवघड नाही. धोका शून्य असल्याचे आश्वासन हा रुग्ण मागत नाही. आपला धोका नेमका कोणता, हे त्याला त्याच्या भाषेत कळावयास हवे.