होम्सचे दुसरे काचपात्र

आर्थर कॉनन डॉइल यांच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) या कादंबरीत शेरलॉक होम्स आपल्याला प्रथम भेटतो तो प्रयोगशाळेत. बोटातले थेंबभर रक्त तो लिटरभर पाण्यात मिसळतो, त्यात पांढरे स्फटिक व एका द्रवाचे थेंब टाकतो. पाण्याचा रंग बदलतो, तळाशी तपकिरी साका बसतो आणि रक्त ओळखण्याची खात्रीची परीक्षा सापडली म्हणून स्वारी टाळ्या पिटते! डाग रक्ताचा, गंजाचा की फळाच्या रसाचा, हा तपासातला पेच डॉइल यांनी अचूक हेरला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. गंमत म्हणजे पुढे कादंबरीभर ही परीक्षा वापरलीच जात नाही.

विज्ञान म्हणून पाहता मात्र दोन उणिवा खटकतात. रक्त न घातलेल्या पाण्यावर होम्स तोच प्रयोग करून पाहत नाही. मग रंग रक्तामुळेच आला कशावरून? दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. रक्त आहे हे ठरले, तरी ते माणसाचे की बकऱ्याचे? आरोपी खाटीक असेल, तर अशी परीक्षा निरपराध माणसालाही फासापर्यंत नेईल.

याचे उत्तर १९०१ साली जर्मनीत पाउल उलेनहूट यांनी दिले. सशाला माणसाचे रक्त टोचले की त्याच्या शरीरात त्या रक्तातील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. अशा सशाचे सीरम मानवी रक्ताच्या द्रावणात घातले तर ते गढूळ होते. मेंढीच्या रक्ताने तसे होत नाही. त्याच वर्षी ऱ्यूगेन बेटावर दोन मुलांच्या खुनाच्या संशयावरून लुडविग टेस्नो हा सुतार पकडला गेला. कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे आहेत, असे तो सांगे. उलेनहूट यांना त्यांत मेंढीचे रक्त सापडले, आणि माणसाचेही.

आजच्या तयार पट्ट्याही प्रतिपिंडांवरच चालतात. पण मानवी हिमोग्लोबिन ओळखणारी पट्टी वानरांच्या रक्तालाही प्रतिसाद देऊ शकते. नमुन्यात रक्त फारच जास्त असेल तर उलट रेघच उमटत नाही. तो पातळ करून पुन्हा तपासावा लागतो. आणि रक्त नेमके कोणाचे, हे पट्टी सांगतच नाही. त्यासाठी डीएनए तपासणी लागते.

शिक्षकमित्रहो, हा प्रसंग वर्गात जरूर वाचून दाखवा. फक्त होम्सने टाळ्या पिटल्या की तेथेच थांबा आणि मुलांना विचारा, दुसरे काचपात्र कुठे आहे?